साडेपाचशे फेरे

चार बोल्ट. तीन निघाले.
चौथ्यावर बाबांनी रात्रभर तेल सोडून ठेवलं
आणि सकाळी हातोडीनं त्याला हळूच समज दिली,
तेव्हा तोही निघाला.

सेहेचाळीस वर्षांचा कार्बोरेटर
माझ्या तळहातांवर आला, गार,
पोटात अजून दोन घोट पेट्रोल धरून.
हीटर बंद होता. पेट्रोल उघडं असलं की
आमच्या शेडमध्ये हीटर बंद,
मग बाहेर सुपीरियरवर बर्फ का तडकत असेना.

अंदाजपंचे म्हणावं तर तसंही नव्हतं.
गारठ्यात थ्रॉटल तीनदा, उन्हाळ्यात एकदा,
धुकं असलं तर दीडदा.
हे दीड फक्त बाबांना जमायचं.
मग मिश्रणाचा स्क्रू अर्धा आटा मागे,
मान तिरकी, डावा कान इंजिनाकडे:
"हां. आता नीट जेवतंय."
ईगल हार्बरपासून लोक बोटी घेऊन यायचे
त्या एका कानापाशी.

प्लग काढले. आठही काळे.
काजळी अशी की बोटानं नाव लिहावं.
एकेक फळीवर मांडत गेले
आणि आठव्यापाशी हात थांबला.
किती वर्षं झाली, रेइनो कल्लिओनेन,
तुम्हाला हे इंजिन ऐकू येत नाही?

विचारलं नाही.
ते दालचिनीचा टोस्ट कॉफीत बुडवत होते.
तो मोडून तळाशी गेला, तरी बुडवतच होते.

नवा पंप तीन बारच्या दाबानं पाजतो,
उरलेलं टाकीकडे परत न्यावंच लागतं,
म्हणून परतीची नळी ओढली, आडवी पडून,
बरगड्या लाकडी फासळ्यांवर टेकून.
ऑक्सिजनचा सेन्सर एल्बोच्या वर,
जिथं धुरात सरोवराचं पाणी मिसळलेलं नसतं;
एक थेंब उडाला तरी तो आंधळा होतो.
हॅनकॉकच्या व्हर्नानं वेल्डिंग केलं, पैसे घेतले नाहीत,
बाबांची खुशाली विचारली आणि उत्तराला थांबली नाही.
वायरिंगला सोळा दिवस. त्यातले दोन
मी उलट्या जोडलेल्या दोन तारांवर रागावण्यात घालवले.

बाबा त्या सगळ्यात एकदाच बोलले:
"एक सुई काढून आठ बसवतेस की गं, केर्तू."

एप्रिलच्या शेवटी धक्का मोकळा झाला.
ब्लोअर चार मिनिटं. वाकून वास घेतला. किल्ली.
बाबांचा हात सवयीनं थ्रॉटलवर गेला,
एकदा, दोनदा,
कुणी मागितलं नव्हतं तरी.

अर्ध्या फेऱ्यात लागलं.
लॅपटॉपवर आकडे आधी सैरावैरा पळाले, मग बसले:
सातशे. सातशे. सातशे.
इतकं गुळगुळीत, की फळीवरच्या मगातली कॉफी
पापणीसुद्धा हलवेना.

बाबांचा तळहात इंजिनाच्या झाकणावर होता.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"लाव ना."

लागलंय, बाबा.
मी मागे बोट दाखवलं. एक्झॉस्ट पाणी थुंकत होता,
पाण्यावर वाफ होती. त्यांनी पाहिलं, मान डोलावली.
हात मात्र झाकणावर फिरत राहिला,
इथं, मग तिथं,
झोपलेल्या पोराचा ताप बघावा तसा.

पुस्तकात सातशे लिहिलेत.
मी सहाशे टाकले. हात फिरतच होता.
साडेपाचशेला एक सिलिंडर जरासा अडखळला,
मग फळीच्या कडेकडे सरकू लागला,
बाबांची बोटं एका जागी थांबली.

"हां," म्हणाले, मोठ्यानं,
स्वतःला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं,
"आता जेवतंय."

धक्क्याला लागताना, गिअर टाकताना,
एखादे वेळी बंद पडेल.
पडू दे. बोटीत वल्हं आहे.